खिडकीकडचा कोपरा

एल्डा गेल्याचं वाल्डोला कळलं तेव्हा तो तिच्या गोधडीवर चादर पसरत होता. सकाळी दवाखान्यात तिनेच सांगितलं होतं, घरी जातोच आहेस तर गाईंना चारा घाल, अंघोळ कर, आणि माझ्या गोधडीवर काहीतरी टाक, एप्रिलचा वारा आहे, सगळी धूळ बसेल. त्याने गाईंना चारा घातला. अंघोळ केली. मग जेवणघरात येऊन गोधडीची चौकट दोर सोडून खाली घेतली आणि कपाटातली जुनी चादर काढली. तीन कोपरे नीट बसले. चौथा ओढत असताना स्वयंपाकघरातला फोन वाजला.

फोनवरची नर्स त्यांच्याच चर्चमधल्या कुणाची तरी सून होती. ती आधी रडली आणि मग बोलली, त्यामुळे तिने सांगायच्या आधीच त्याला कळलं. तो ‘बरं’ म्हणाला. ‘येतो’ म्हणाला. फोन ठेवून तो परत जेवणघरात आला, चौथा कोपरा ओढून घेतला, चादरीवरची सुरकुती हाताने मोडली आणि मग गाडीची किल्ली घेतली. असं का केलं हे त्याला कुणी विचारलं नाही.

ती चौकट म्हणजे चार लांब दांडे, छतातल्या चार आकड्यांना दोरांनी टांगलेले. शिवायला बसायचं की खाली घ्यायची, जेवायला बसायचं की वर ओढायची. कॅन्ससच्या त्या भागात ज्या घरात बाई शिवते त्या घरात जेवणघराच्या छताला आकडे असतात, आणि घरची माणसं कितीतरी महिने गोधडीखाली बसून जेवतात. वाल्डोच्या आईच्या घरी तसंच होतं. लहानपणी त्याला वाटायचं, सगळ्याच घरांना दोन छतं असतात, एक लाकडाचं आणि एक कापडाचं.

ही गोधडी मार्लिससाठी होती, त्यांच्या एकुलत्या मुलीसाठी. एल्डाने सगळ्या गणगोताच्या लग्नांना गोधड्या दिल्या, चर्चच्या विक्रीला दिल्या, पूर आला तिकडे पाठवल्या. मुलीची तेवढी मागे पडत गेली, घरचं काम मागे पडतं तशी. मार्लिस विचिटाला असते, लग्नाला वीस वर्षं होऊन गेली, तेव्हा कुठे एल्डाने तिच्यासाठी तुकडे कापायला घेतले. वाल्डोचे सदरे, मार्लिसचे शाळेतले फ्रॉक, स्वतःच्या आईचा एक निळा एप्रन. सगळ्याचे त्रिकोण कापून तिने उडत्या रानहंसांच्या रांगा जोडल्या. त्यावर पेन्सिलने पिसांची वेल काढली. त्या रेघांवरून धावदोरा घालायचा, म्हणजे वरचं कापड, मधला कापूस आणि खालचं अस्तर एक होतं. मागच्या थँक्सगिव्हिंगला जेवताना तिने वर बोट दाखवून मुलीला सांगितलं होतं, “पुढच्या वर्षी ही तुझ्या पलंगावर. जेवण इथेच, आणि जाताना घेऊन जायचं.”

ख्रिसमसनंतर तिच्या डोक्यातली एक बारीकशी शीर फुटली. ती बोलत होती, चालत होती. फक्त उजवा हात थरथर कापायला लागला.

इथे हुल्डाबद्दल सांगायला हवं. हुल्डा श्राग ही एल्डाची शिवणातली सोबतीण. दोघींनी चाळीस वर्षं एका चौकटीशी गुडघ्याला गुडघा लावून काढली. मंगळवारी बायका चर्चच्या तळघरात शिवायला जमत, आणि तिथे कुणी नवी बाई आली, तिचे टाके लांब पडले, वाकडे पडले, तर तिला कुणी काही म्हणत नसे. उलट कॉफी देत, केक देत, छान जमतंय म्हणत. ती घरी गेली की एल्डा आणि हुल्डा मागे थांबत, तिचे सगळे टाके उसवत आणि पुन्हा घालत. पुढच्या मंगळवारी ती बाई यायची आणि आपलं काम बघून खूश व्हायची. पाद्रीबाईंचं एक अख्खं वर्ष असं उसवण्यात गेलं होतं. त्यांना अजून माहीत नाही. एल्डा घरी येऊन हे सांगायची तेव्हा हसून तिच्या डोळ्यांत पाणी यायचं.

हात कापायला लागल्यावर तिने मंगळवारी तळघरात जाणं सोडलं आणि हुल्डाला घरी बोलावणं बंद केलं. खिडकीकडच्या कोपऱ्याशी, जिथे उजेड चांगला, तिथे स्वतःची खुर्ची ओढून ती एकटीच शिवायची. टाके पेन्सिलच्या रेघेवरून उतरायचे, कधी जवळजवळ पडायचे, कधी लांब. एकेका पिसाला एकेक सकाळ लागायची. वाल्डो म्हणाला, हुल्डाला हाक मारू का. ती म्हणाली, “नको. ती माझ्यासमोर काही बोलणार नाही. कॉफी पिईल, केक खाईल. आणि मी आडवी झाले की उसवेल.”

तिचा तेवढा कोपरा झाला, आणि एप्रिल आला.

उन्हाळाभर वाल्डो गोधडीखाली जेवला. कधी जेवण झाल्यावर तिथेच खाली जमिनीवर पाठ टेकायचा. दुपारचं ऊन खिडकीतून आडवं यायचं, कापडातून गाळून खाली पडायचं, आणि खालून सगळे टाके दिसायचे. आपण पाण्याखाली आहोत आणि वरून कुणीतरी होडी वल्हवत जातंय, असं त्याला वाटायचं. कोपऱ्यातले टाके तो फार वेळ बघायचा. त्यातली सकाळ न् सकाळ त्याला ओळखू यायची. हा वादळाच्या दिवशीचा. हा टाका घालताना ती थांबली होती आणि म्हणाली होती, वाल्डो, बाहेर कुणी आलंय का बघ. कुणी आलं नव्हतं.

गव्हाची कापणी झाली आणि हाताला काम उरलं नाही. तेव्हा त्याने जेवणाचं टेबल कोठारात नेलं, चौकट खाली घेतली, तिचं अंगुस्तान बोटात घालून बघितलं, ते करंगळीतही जाईना. मग त्याने स्वतःसाठी चामड्याचा तुकडा कापून बोटाला बांधला आणि एल्डाने स्वयंपाकघराच्या बाजूने जिथवर आणलं होतं तिथून पुढे शिवायला लागला. त्याचे टाके लांब होते पण सरळ होते. आयुष्यभर पेरणी केलेल्या माणसाचे होते. शिवून होईल तेवढा भाग दांड्यावर गुंडाळायचा आणि खिडकीकडे सरकायचं. ऑक्टोबरात वरून खरे रानहंस ओरडत जायला लागले, तेव्हा तो मध्यावर होता.

मार्लिसचा फोन आला.

“बाबा, या वर्षी आमच्याकडे या ना. मी टर्की करते. तुम्ही नुसते हात धुऊन बसा.”

“इथेच करायचं.”

“करणार कोण?”

“मी.”

“तुम्ही? बाबा, तुम्हाला अंडं तरी उकडता येतं का?”

“आता येतं. जरा कडक होतं.”

ती हसली. मग म्हणाली, “आणि बसायचं कुठे? ती चौकट अजून तिथेच आहे ना? मुली म्हणतात, आजीची गोधडी डोक्यावर असली की घास उतरणार नाही.”

“तोवर निघेल.”

“कशी निघेल?”

“शिवून झाली की निघते, तशी.”

मग मार्लिस म्हणाली, “बरं. पाई मी आणते.”

“पाईपण मी करणार,” वाल्डो म्हणाला. हे बोलायचं त्याने ठरवलं नव्हतं.

नोव्हेंबरात दिवस आखडले. त्याच्या बोटांना भेगा पडल्या, सुई निसटायला लागली. खिडकीकडची पट्टी राहिली होती, हातभर रुंद, एल्डाच्या कोपऱ्यापर्यंत जाणारी. ती काही त्याच्याने वेळेत होईना. शेवटी थँक्सगिव्हिंगच्या आदल्या दिवसासाठी त्याने हुल्डाला फोन केला.

बुधवारी सकाळी हुल्डा आली, बरोबर तिची जाऊ लोरीन. हुल्डा बुटकी, रुंद, आवाज मोठा. लोरीन उंच, वाळकी, बोलायला लागली की वाक्याचा शेवट हुल्डावर सोपवणारी. दोघींनी आपापल्या खुर्चीच्या उशा बरोबर आणल्या होत्या.

हुल्डा चौकटीजवळ उभी राहिली. ख्रिसमसपासून ती या खोलीत आली नव्हती. तिने हंसांच्या रांगेवरून हात फिरवला.

“अगं लोरीन, बघ तरी. बाप्याने शिवलंय.”

“सरळ आहे,” लोरीन म्हणाली. “म्हणजे मोठे आहेत, पण…”

“मोठे आहेत. बटाटे लावल्यासारखे आहेत. पण सरळ आहेत.” हुल्डा त्याच्याकडे वळली. “तू आमच्यात ये मंगळवारी. पँट घालून आलास तरी चालेल.”

वाल्डोला सांगायचं होतं. रात्रभर त्याने मनात वाक्य जुळवलं होतं, की खिडकीकडचा कोपरा एल्डाचा आहे. पण ते सांगायचं म्हणजे हात कापत होता ते सांगायचं, आणि ते सांगायचं नाही असं एल्डा म्हणाली होती. मेलेल्या माणसाने घातलेली शपथ कधी सुटते, हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं. म्हणून तो एवढंच म्हणाला, “तो कोपरा झालाय. तिकडे बघायची गरज नाही.”

हुल्डाने कोपऱ्याकडे बघितलं. मग लोरीनकडे बघितलं. मग अगदी मऊ आवाजात म्हणाली, “बरं बरं. नाही बघत. तू तुझ्या चुलीकडे जा.”

स्वयंपाकघरात टर्की मोरीत पाण्यात पडली होती, अजून मधून गोठलेली. भोपळा रात्रीच भाजून ठेवला होता. त्याने तो कुस्करला, त्यात साय, अंडी, दालचिनी घातली. पाईच्या कणकेला एल्डा थंड चरबी घ्यायची, बोटांच्या टोकांनी चोळायची, तळवा लागू द्यायची नाही. त्याने तसं केलं. कणीक हातातून वाळूसारखी निसटत होती. सुके आलुबुखार आणि मनुका त्याने मोससाठी, फळांच्या गोड सारासाठी, भिजत घातले. पावाचं पीठ गॅसशेजारी फुगत होतं, त्यावरचं फडकं हळूहळू वर येत होतं, खाली कुणी झोपलं आहे असं.

खिडक्यांवर वाफ धरली. बाहेरचं शेत दिसेनासं झालं, फक्त खाली एक हिरवी पट्टी, नुकत्या उगवलेल्या गव्हाची. पाई भट्टीत गेली आणि घरभर दालचिनीचा वास सुटला. वाल्डो स्टुलावर बसला, मांडीवर मोठं भांडं, त्यात टर्कीत भरायला शिळ्या पावाचे तुकडे मोडायला लागला. भट्टीची ऊब गुडघ्यांना लागत होती.

शेजारच्या खोलीतून आवाज येत होते. हुल्डाचा जाड, लोरीनचा बारीक. अंगुस्तानावर सुई टेकते त्याचा टकटक आवाज. कात्री ठेवल्याचा. मग हुल्डा काहीतरी म्हणाली, आणि थोडा वेळ गेला, आणि मग दोघी हसल्या. तो मधला वेळ बरोबर तेवढाच होता, जेवढ्यात एल्डा काही बोलली असती. वाल्डोचे हात थांबले. पुन्हा तसंच झालं. हुल्डा बोलली, मग जागा राहिली, मग लोरीनने उत्तर दिलं, आणि ते उत्तर हुल्डाच्या बोलण्याला नव्हतं, त्या जागेत जे बोललं गेलं त्याला होतं.

तो उठला नाही. उठून दारात गेलं तर दोघीच दिसतील, हे त्याला माहीत होतं. बसून राहिलं तर तिघी होत्या. म्हणून तो बसून राहिला, पाव मोडत. पुढच्या महिन्यात कधीतरी हुल्डाची सून बाळंत होणार होती, त्यावर तिघी बोलल्या. कुणाच्या तरी गुडघ्यावर बोलल्या. त्याला डुलकी लागली असावी, कारण भांडं मांडीवरून घसरता घसरता त्याने धरलं, आणि मधेच कधीतरी एल्डा दारात येऊन म्हणाली होती, वाल्डो, पावाला अंगठा दाब हं, नाहीतर डोकी पडतील. त्याने ‘हो’ म्हटलं होतं. इतकं बरं त्याला एप्रिलपासून वाटलं नव्हतं.

जाग आली तेव्हा पाईची कड तांबूस झाली होती. त्याने ती बाहेर काढली आणि पाव लावायला घेतले. त्यांच्याकडचा पाव दुमजली असतो, खाली एक गोळा, वर त्याहून लहान गोळा, टोपी घातल्यासारखा. थँक्सगिव्हिंगला तो नसेल तर जेवण झालं असं कुणी म्हणत नाही. वाल्डोने गोळे केले, वर गोळे ठेवले आणि ताटं भट्टीत सारली. अंगठा दाबायचं तो विसरला.

पाव बाहेर आले तेव्हा निम्म्यांची डोकी घसरून शेजाऱ्याच्या खांद्यावर पडली होती, काहींची ताटात लोळत होती. वाल्डोला हसू आलं. एप्रिलनंतर पहिल्यांदाच त्याला एकट्याला हसू आलं, आणि ते कुणाला तरी दाखवावंसं वाटलं. तो ताट घेऊन जेवणघराच्या दारात गेला.

“बघा, चर्चमध्ये प्रवचनाला झोपलेत सगळे…”

लोरीनने चटकन मान वर केली. “वाल्डो, तू जरा आत थांब ना, आम्ही…”

राहिलेली पट्टी शिवून झाली होती, आणि हुल्डा खिडकीकडच्या कोपऱ्यावर वाकली होती. तिच्या हातात लहान कात्री होती. तिच्या मांडीवर, खुर्चीच्या पायाशी, जमिनीवर पांढऱ्या दोऱ्याचे वेटोळे तुकडे पडले होते. कोपऱ्यातल्या वेलीवर अर्ध्याहून जास्त पिसं नव्या टाक्यांनी भरली होती. बारीक, सारखे, रेघेवर बसलेले, हुल्डाचे. उरलेल्या पिसांवर काहीच नव्हतं.

“काय केलंत?” वाल्डो म्हणाला.

“काही नाही रे.” हुल्डा लाजली होती, चोरी पकडल्यासारखी. “दोन-चार सैल होते, तेवढे जरा… पहिल्या-पहिल्यांदा सगळ्यांचंच असं होतं. तू मागाहून किती सुधारलास, ते दिसतंय ना. मी कुणाला सांगणार नाही, लोरीनपण नाही.”

“ते माझे नव्हते.”

“मग कुणाचे?” लोरीनने विचारलं. हुल्डाने विचारलं नाही. तिने कात्री खाली ठेवली होती.

वाल्डोला पावाचं ताट ठेवायला जागा मिळेना. तो ते हातात धरूनच उभा राहिला. ताट गरम होतं.

“नाही,” हुल्डा म्हणाली. “नाही, वाल्डो. तिचे टाके मी डोळे मिटून ओळखीन.”

“ख्रिसमसनंतरचे आहेत. हात कापायचा तिचा.”

“मला कुणी सांगितलं नाही.”

“तिने सांगू दिलं नाही.”

“मलासुद्धा?”

“तुलाच.”

हुल्डाने मांडीवरचे दोरे बघितले. एक उचलला, बोटांत धरला. “मला वाटलं ती रागावली,” ती म्हणाली. “ख्रिसमसला मी म्हटलं होतं, एल्डा, मोस या वेळी गोड झालंय फार. त्यानंतर बोलावणंच बंद झालं. सगळा हिवाळा मी लोरीनला म्हणत होते, एवढ्यावरून कुणी रागावतं का? दोनदा मी गाडी काढून तुमच्या वळणापर्यंत आले आणि परत गेले. तिच्या घरी जायचं आणि मोसची माफी मागायची, म्हटलं नाही जमणार.”

“मोसचं ती काही बोलली नाही कधी.”

“मग काय बोलली?”

वाल्डोने सांगितलं. कॉफीचं, केकचं, आडवी झाले की उसवेल, सगळं जसंच्या तसं.

लोरीन भिंतीकडे बघायला लागली. हुल्डा मोठ्याने हसली, एकदाच.

“उसवलंच असतं,” ती म्हणाली. “ती समोर बसली असती तरी उसवलं असतं, ती मला ओळखून होती. बघ, तिने मला अडवलं तरी मी केलंच.” मग तिने बोटांतला दोरा परत मांडीवर ठेवला. “वाल्डो, अरे मला का नाही सांगितलंस? सकाळी. एक शब्द. ‘एल्डाचे आहेत’, दोनच शब्द.”

“सांगायला हवं होतं,” वाल्डो म्हणाला. “तिला आवडलं नसतं.”

“तिला हे आवडलं असतं?”

त्याने ताट खिडकीच्या कट्ट्यावर ठेवलं. लोरीनने सवयीने जमिनीवरचे दोरे गोळा करून एप्रनच्या खिशात घातले होते, आणि आता तिला कळेना ते तिथे ठेवावेत की काढावेत. ती खिशात हात घालून तशीच उभी राहिली.

तेवढ्यात उन्हाची तिरीप आली. दुपार कलली होती, आणि त्या खिडकीतून या वेळेला ऊन थेट चौकटीवर येतं. हुल्डाने खालून हात घालून कोपरा उचलून धरला. जिथे तिने अजून नवे टाके घातले नव्हते तिथे कापडात भोकं होती, सुईने केलेली, उजेडाची. ती रेघेवर नव्हती. रेघेच्या इकडे, रेघेच्या तिकडे, कुठे तीन जवळजवळ, मग मोकळी जागा, मग एक. एल्डाचा हात तिथून कसा गेला ते पूर्ण दिसत होतं. फक्त दोरा नव्हता.

तिघंही बघत राहिली. ऊन जरा सरकलं, तशी भोकंही सरकली असं वाटलं.

हुल्डा खुर्चीत बसली आणि तिने स्वतःचे टाके उसवायला घेतले. तिचे टाके इतके बारीक होते की कात्रीचं टोक आत शिरेना. ते तिचं आयुष्यातलं सगळ्यात चांगलं काम असेल, आणि ती ते सावकाश, एकेक करून काढत होती. वाल्डो तिच्या शेजारी उभा राहिला, खिडकीवर सावली पडू नये म्हणून जरा बाजूला. शेवटचा टाका निघाल्यावर तिने कोपरा पुन्हा उजेडाला धरला. तिथेही जुनी भोकं होती, नव्यांच्या मध्ये. नवी एका ओळीत होती, म्हणून जुनी वेगळी काढता येत होती.

“मी यातून घालू का?” हुल्डाने विचारलं. “तिच्याच भोकांतून. तू म्हणशील तसं.”

तो ‘घाल’ म्हणाला. तिने सुई ओवली आणि पहिल्या भोकातून वर काढली. दुसरं भोक बाजूला होतं, तिथे सुई नेली. तिसरं रेघेवरून उतरलेलं होतं. तिथे जाताना तिचा हात आपोआप रेघेकडे वळला. तिने सुई मागे घेतली, पुन्हा प्रयत्न केला. पुन्हा तेच. सत्तर वर्षांचा हात ऐकेना.

“माझ्याने वाकडं होत नाही,” ती म्हणाली, आणि सुई काढून घेतली. “तू बघ.”

वाल्डोने बघितलं. त्याचा हात भेगाळलेला होता, जाड होता, पण तोही कापत नव्हता. तीन टाके घातले आणि तेही बटाट्यांसारखे सरळ जायला लागले. त्याने ते स्वतःच उसवले.

“राहू दे,” तो म्हणाला.

“धुऊ नकोस मग,” हुल्डा म्हणाली. “धुतली की कापूस फुगतो, कापड आवळतं, भोकं मिटतात. पेन्सिल जायला हवी म्हणून लोक लगेच धुतात. काय करायचं ते ठरेपर्यंत पाण्यात घालू नकोस.”

पुढचं काम लोरीनने हाती घेतलं, कारण कुणीतरी घ्यायला हवं होतं. “उद्या माणसं जेवायला…” ती म्हणाली, आणि वाक्य पहिल्यांदाच तिने स्वतः पुरं केलं, “येणार आहेत, आणि टेबल कोठारात आहे.” तिघांनी गोधडी चौकटीवरून सोडवली, दांडे बाहेर नेले, टेबल आत आणलं. मग दोघी जावा टेबलाच्या दोन टोकांना बसल्या आणि कडेने गोट लावत आल्या, कोपऱ्याजवळ पोचेपर्यंत. तिथे हुल्डाने दोरा तोडला. टर्की तोवर विरघळली होती. त्यांनी जाताना डोकं पडलेले बरेचसे पाव पिशवीत भरून घेतले, कारण उद्या त्यांच्याकडेही माणसं होती, आणि हुल्डा म्हणाली, “डोकी परत बसवून देऊ, कुणाला कळत नाही.”

त्या गेल्यावर वाल्डो जेवणघरात उभा राहिला. खोली फार उंच झाली होती. छताला चार आकडे होते आणि मध्ये काही नव्हतं.

गुरुवारी मार्लिस आली, तिचा नवरा आणि दोन मुली. टर्की वरून करपली होती आणि आतून सुकी होती, पण ग्रेव्ही ओतली की चालत होती. पाई चांगली झाली होती. उरलेल्या पावांवर मुलींनी टूथपिकने डोकी टोचून बसवली. मोस खाताना मार्लिस थांबली.

“बाबा, हे आईसारखं गोड झालंय.”

“जास्त झालंय का?”

“नाही.”

जेवण झाल्यावर त्याने गोधडी आणून तिच्या मांडीवर ठेवली आणि कोपऱ्याचं सांगितलं. त्याला लांबण लावता येत नव्हती, त्यामुळे लवकर सांगून झालं. मार्लिस कोपरा घेऊन खिडकीशी गेली, कापड उजेडाला धरलं आणि पाठमोरी उभी राहून भोकांवरून बोट फिरवत राहिली. मुली टेबल आवरत होत्या. ताटांचा आवाज दूरचा वाटत होता.

“हात कापतोय हे मला पण नाही सांगितलं तिने,” ती म्हणाली. “फोनवर रोज बोलायची.”

“फोनवर हात दिसत नाही.”

“मी शिवू का?”

“तुला येतं?”

“नाही.”

“मग हुल्डा येऊन उसवेल,” वाल्डो म्हणाला, आणि ती रडत होती तशातच हसली. हसताना तिने डोकं मागे टाकलं, आणि क्षणभर खिडकीशी कोण उभं आहे हे त्याला सांगता आलं नसतं.

जाताना तिने गोधडी नेली नाही. आता नको, म्हणाली. इथे राहू दे, मी येत जाईन.

गोधडी वाल्डोच्या पलंगाच्या पायथ्याशी घडी करून ठेवली आहे. खिडकीकडच्या कोपऱ्यातली पिसं शिवायची राहिली आहेत. त्या बाजूचा हातभर गोट लावायचा आहे. आणि ती अजून धुतलेली नाही.